बारीक नजर आणि रात्रपाळी

गोव्यातल्या डिचोलीहून एका आईचं पत्र आहे. मुलगा केमिस्ट्रीत बी.एस्सी. झालाय. 'देवस्थानच्या पावत्या जुळवायला बसला की बाकीचे कंटाळून उठतात, हा उठत नाही. वेर्ण्याला औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये काम मिळतंय, पण तिन्ही पाळ्या. बाबा म्हणतात, त्यापेक्षा हॉटेलात नाइट ऑडिट बरं. की एअर ट्रॅफिक कंट्रोलची परीक्षा द्यावी?'

ताई, मी त्याला वेर्ण्याला पाठवेन. सावकाश काम करतो म्हणून तिथे त्याला कुणी हसणार नाही.

गोळीत औषध किती, ते विरघळतं कसं, अशुद्धी किती, हे क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये तपासतात. औषधातले घटक वेगळे करून मोजणारं एचपीएलसी मशीन रात्रभर चालू असतं, म्हणून माणूसही रात्रभर लागतो. पण खरी कसोटी नोंदीची. वजन केलं की त्याच क्षणी लिहायचं. चिठ्ठीवरून मागाहून उतरवायचं नाही, व्हाइटनर तर नाहीच. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी कारण, सही, तारीख. माझ्या सल्ल्याने अशा लॅबमध्ये गेलेल्या एका मुलाने पहाटे चारला तराजूवरचा आकडा हातमोज्यावर लिहिला, कारण वही पलीकडच्या टेबलावर होती. आकडा अगदी बरोबर होता. तरी त्याची चौकशी झालीच.

म्हणून एवढं पाहा: लिहिताना चुकलं तर तो चूक तशीच दिसू देतो, की पान फाडून नव्याने लिहितो? पान फाडणाऱ्या मुलांना शाळेत शाबासकी मिळते. लॅबमध्ये त्याला लपवाछपवी म्हणतात. नीटनेटका आणि अचूक यांत फरक आहे, आणि तो ओळखायला मलाही बरीच वर्षं लागली.

नाइट ऑडिट वाईट नाही. दिवसभराची बिलं, बारचे आणि रेस्टॉरंटचे आकडे, खोल्यांचं भाडं जुळवायचं आणि मग सिस्टिममध्ये तारीख पुढे न्यायची. पण बऱ्याच हॉटेलांत तोच माणूस रात्री रिसेप्शनही सांभाळतो. डिसेंबरात पहाटे तीनला मोपा विमानतळाहून आलेलं कुटुंब बॅगा घेऊन समोर उभं, आणि याची बेरीज अर्धी! तुमच्या मुलाला मध्येच तोडलेलं चालत नाही असं वाटतं. शिवाय केमिस्ट्री वाया जाईल ती वेगळीच.

एअर ट्रॅफिक कंट्रोलला बी.एस्सी.ला फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही लागतात. त्याला मॅथ्स नसेल तर तो विषय तिथेच मिटला.

होकार देण्याआधी विचारून घ्या: पाळी किती दिवसांनी बदलते, रात्रपाळीचा भत्ता किती आणि डिचोलीपर्यंत कंपनीची बस येते का. बस नसेल तर वेर्ण्याच्या आसपास खोली बघा, पैसे गेले तरी चालतील. रात्रभर जागून मोटारसायकलवर झुआरी नदी ओलांडायची नाही. डोळा लागायला एक क्षण पुरतो.

आणि थोडं तुमच्यासाठी. बसने तो आठला घरी पोचेल, तेव्हा तुमची सकाळ ऐन भरात असेल, मिक्सर चालू, पाववाल्या पोदेराचा भोंपू दारात. त्याच्या खिडकीला जाड पडदा लावा आणि बाराला 'उठ रे, जेवून घे' म्हणून हाक मारू नका. चवथीला रजा मिळेलच असं नाही. यंदा गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बहुतेक बाबांनाच बांधावी लागेल.