व्यायाम : वाचकांचे प्रश्न – डेडलिफ्ट, केटलबेल आणि एकच कंबर

प्रश्न : माझे वय ३४ वर्षे, वजन ७८ किलो असून मी कोल्हापुरात राहतो. ‘टॅक्टिकल स्ट्रेंथ चॅलेंज’ या स्पर्धेची मी तयारी करत आहे आणि हाती बारा आठवडे आहेत. डेडलिफ्टमध्ये (जमिनीवरचा वजनदार बार दोन्ही हातांनी उचलून ताठ उभे राहणे) माझी सर्वोत्तम उचल १७० किलोची होती. स्नॅच (केटलबेल, म्हणजे मूठ असलेला लोखंडी गोळा, एका हाताने एका झटक्यात डोक्यावर नेणे) करताना दम लागू नये म्हणून दीड महिन्यापूर्वी मी २४ किलोच्या केटलबेलचे रोज २०० स्विंग (पायांमधून छातीपर्यंत झोके) सुरू केले आणि डेडलिफ्टही आठवड्यातून दोनदा, पूर्वीसारखीच चालू ठेवली. पाच मिनिटांतले स्नॅच ७८ वरून ८४ वर गेले, पण डेडलिफ्ट १५५ वर आली. सकाळी कंबर आखडलेली असते आणि गेल्या आठवड्यात उजव्या तळहाताचे कातडे निघाले. हे दोन्ही सराव एकत्र करणे चुकीचे आहे का?

उत्तर : एकत्र करणे चुकीचे नाही, तुमच्या स्पर्धेत तर ते टाळताच येणार नाही. ज्या वाचकांना ही स्पर्धा परिचयाची नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात आधी डेडलिफ्टच्या तीन संधी मिळतात, मग अंगाला झोका न देता जास्तीत जास्त पुल-अप काढायचे असतात आणि शेवटी पाच मिनिटांत केटलबेलचे जास्तीत जास्त स्नॅच करायचे असतात. पुरुषांच्या खुल्या गटात ही केटलबेल २४ किलोची असते आणि हात कितीही वेळा बदलता येतो. तिन्ही प्रकारांत पकड लागते आणि पहिल्या व तिसऱ्या प्रकारात कंबर, नितंब व मांडीचा मागचा भाग हेच स्नायू राबतात. तुमच्या अडचणीचे मूळ इथेच आहे. रोज २०० म्हणजे आठवड्याला १,४०० स्विंग, म्हणजे ३३,६०० किलोंची उलाढाल, आणि ती सगळी त्याच कमरेवर, जिला तुम्ही आठवड्यातून दोनदा जड बारही उचलायला लावता. कागदावर हे दोन वेगळे व्यायाम दिसले, तरी कंबरेला त्यातला फरक कळत नाही. तिच्या दृष्टीने सात दिवसांत विश्रांतीचा एकही दिवस नाही.

म्हणून पहिला बदल असा की रोजचे स्विंग आजच बंद करा आणि केटलबेल आठवड्यातून तीनच दिवस हातात घ्या. दुसरा बदल मनाला जड जाईल : डेडलिफ्टचे आकडे १७० धरून काढू नका, आज उचलता येणाऱ्या १५५ वरून काढा. जुन्या आकड्याच्या मोहापायी अनेक चांगल्या खेळाडूंचा हंगाम वाया गेलेला मी पाहिला आहे. सोमवारी ११५ ते १३० किलोंमध्ये तीन-तीन रेप्सचे (आवर्तनांचे) चार-पाच सेट करा आणि प्रत्येक सेटनंतर तीन मिनिटे थांबा. शेवटच्या रेपलाही बार पहिल्याच वेगाने उठला पाहिजे. तो गुडघ्यापाशी रेंगाळू लागला की त्या दिवसाचे काम संपले असे समजा. शुक्रवारी १०० किलोच्या आसपास दोन-दोन रेप्सचे पाच सेट पुरेत. चौथ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, सोमवारच्या सेटऐवजी, त्या वेळच्या क्षमतेच्या नव्वद टक्क्यांची एकच उचल करावी. डेडलिफ्टमध्ये कपात करायची ती रेप्सची, वजनाची नव्हे, कारण दम वाढवण्याचे काम केटलबेल करतेच आहे; बारकडून फक्त जोर हवा आहे.

केटलबेलचे गणित याच्या उलट आहे. पाच मिनिटांचे काम मुख्यतः प्राणवायूवर चालते, त्यामुळे तिथे संख्या लागते, पण ती लाटेसारखी चढती-उतरती हवी. बुधवारी २४ किलोने दर मिनिटाच्या सुरुवातीला दहा स्नॅच करा, एका मिनिटाला उजवा हात, पुढच्या मिनिटाला डावा, आणि उरलेले अर्धे मिनिट श्वास घ्या. बारा मिनिटांनी सुरुवात करून तीन आठवड्यांत अठरा मिनिटांपर्यंत जा, चौथ्या आठवड्यात दहावर या आणि पुन्हा चढा. शनिवारी २८ किलोचे एका हाताचे स्विंग, दहा-दहाचे दहा सेट. सोमवारी डेडलिफ्ट झाल्यावर हलक्या केटलबेलचे चाळीस-पन्नास स्विंग. क्रम मात्र उलटा करू नका, कारण थकलेल्या कमरेने जड बार उचलणे हाच दुखापतीचा सर्वांत जवळचा रस्ता आहे. पुल-अप मंगळवारी आणि शुक्रवारी, दम संपण्याच्या दोन रेप्स आधी थांबून.

पाच मिनिटांची पूर्ण चाचणी तीन आठवड्यांतून एकदाच घ्या, तीही बुधवारच्या सरावाऐवजी. त्या दिवशी पहिल्या मिनिटाला २५ काढण्याचा मोह होईल, पण तो आवरा. शंभराचा आकडा म्हणजे मिनिटाला वीस, तीन सेकंदांना एक. तुम्ही १८ ने सुरुवात करून दर मिनिटाला तोच वेग टिकवलात तर नव्वद होतात, म्हणजे आजच्यापेक्षा सहा जास्त. मुद्गल फिरवणारा माणूस ते दंडाच्या जोरावर नव्हे तर वजनाच्या झोक्यावर फिरवतो, हे तुम्ही तालमीत पाहिले असेलच. स्नॅचचेही तसेच आहे : नितंबांचा झटका केटलबेल वर नेतो आणि हाताचे काम फक्त तिला वाट दाखवण्याचे असते.

आता तळहाताविषयी, कारण ही बाब लोक क्षुल्लक समजतात आणि स्पर्धेच्या दिवशी तीच आडवी येते. बोटांच्या मुळाशी जे घट्टे पडतात त्यांचा उंचवटा वाढला की केटलबेल खाली येताना तिची मूठ त्या कातडीला दुमडते, आणि पुढच्या झोक्याला ती दुमड फाटते. बहुतेक वेळा मूठ तळहाताच्या मधोमध घट्ट धरल्याने हे होते. केटलबेल डोक्यावरून सोडताना हात किंचित सैल करा, मूठ घसरून बोटांच्या आकड्यात येऊ द्या आणि तिथेच झेला. बारसाठी चॉक (पकड घसरू नये म्हणून हाताला लावायची पांढरी पूड) भरपूर चालेल, पण केटलबेलसाठी पातळ थर पुरे, कारण जास्त चॉकने घर्षण वाढते. आंघोळीनंतर घट्टे मऊ असताना वजरीने हळूच घासून आजूबाजूच्या कातडीच्या पातळीला आणा, रात्री थोडे खोबरेल लावा. सध्याची जखम भरेपर्यंत स्नॅच पूर्ण बंद ठेवा. त्या काळात बुधवारी सायकल किंवा जोरात चालणे चालेल.

सकाळचे आखडणे या बदलांनी दोन आठवड्यांत कमी व्हायला हवे. तसे झाले नाही, किंवा वेदना पायात उतरली, पायाला मुंग्या वा बधिरपणा आला, तर सराव थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

शेवटची जड उचल स्पर्धेच्या दहा दिवस आधी करा आणि पाच मिनिटांची शेवटची चाचणी दोन आठवडे आधी उरका. शेवटच्या आठवड्यात दोनच सराव, नेहमीच्या निम्म्या संख्येचे, आणि स्पर्धेआधीचे दोन दिवस बार व केटलबेल दोन्हींना हात लावू नका.