नवीन फ्लॅट घेतलाय, तर पुराचा विमाही बघा

नदी लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पुण्यात सप्टेंबर २०१९ मध्ये आंबील ओढ्याचं पाणी एका रात्रीत सोसायट्यांमध्ये घुसलं. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रोडची एकतानगरी बुडाली. बँकेने कर्जासोबत दिलेला विमा बऱ्याचदा कर्जदाराच्या जिवाचा असतो, घराचा नव्हे. कागद नीट वाचा. 'भारत गृह रक्षा' या घराच्या विम्याच्या पॉलिसीत पूर धरलेला असतो. रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, बाजारभावावर नाही, म्हणून हप्ता आवाक्यातला असतो. इमारतीचा विमा घेतलात की फर्निचर, फ्रिज वगैरेंना तिच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत कव्हर आपोआप मिळतं. दागिन्यांचं मात्र वेगळं मागा. हे सगळं पावसाळ्याआधीच उरका, आणि वस्तूंचे फोटो, बिलं मेलवर ठेवा.