गादी घराण्याची, कारभार हेल्टन यांचा

गेल्या अंकातील ‘प्रश्न वाचकांचे’ या सदरात अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींविषयी लिहिताना त्या शर्यती भरवणाऱ्या ‘नॅसकार’चे माजी अध्यक्ष माईक हेल्टन यांचा एका ओळीत उल्लेख केला होता. त्या एका ओळीवर अपेक्षेपेक्षा बरीच पत्रे आली. त्यांतील तीन प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न (एक वाचक, कोल्हापूर) : २०१० साली नारायण कार्तिकेयन नॅसकारच्या ट्रक मालिकेत धावत होते. लोकप्रिय चालकासाठीच्या ऑनलाइन मतदानात मीही त्यांना मत दिले होते, आणि तो मान त्यांनाच मिळाला. तेव्हापासून या शर्यती अधूनमधून पाहतो. हेल्टन हे ‘फ्रान्स कुटुंबाबाहेरचे पहिले अध्यक्ष’ होते, असे आपण लिहिले आहे. एका क्रीडासंस्थेचा अध्यक्ष विशिष्ट कुटुंबातला नसावा, यात नवल ते काय?

उत्तर : नवल आहे, कारण नॅसकारच्या नावात ‘राष्ट्रीय संघटना’ असे शब्द असले तरी आपल्याकडील क्रिकेट किंवा कुस्तीच्या संघटनांसारखी ती सभासदांच्या मतांवर चालत नाही. ती एका घराण्याच्या मालकीची खासगी कंपनी आहे. १९४७ च्या डिसेंबरात बिल फ्रान्स (थोरले) यांनी फ्लोरिडातील डेटोना बीच येथील स्ट्रीमलाइन हॉटेलात शर्यती भरवणाऱ्यांची आणि चालकांची बैठक बोलावली आणि पुढच्या फेब्रुवारीत कंपनी नोंदवली गेली. बाजारात मिळणाऱ्या मोटारीसारखी दिसणारी गाडी, म्हणजे स्टॉक कार, तिच्या शर्यतींचे नियम ठरवणे, गाड्या तपासणे, दंड करणे आणि वेळापत्रक आखणे हे सारे अधिकार या कंपनीकडे आले. पुढे याच घराण्याने डेटोना आणि टॅलाडेगा येथे मोठ्या धावपट्ट्याही बांधल्या. नियम करणारा आणि मैदानाचा मालक घरातलाच, अशी ही व्यवस्था आहे. १९६१ साली काही चालकांनी कामगार संघटना काढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा थोरल्या फ्रान्स यांनी कर्टिस टर्नर आणि टिम फ्लॉक या नामांकित चालकांवर आजन्म बंदी घालून तो मोडून काढला. (टर्नर यांची ‘आजन्म’ बंदी चार वर्षांत उठली, ही गोष्ट वेगळी, प्रेक्षक खेचणारा चालक फार काळ घरी बसवून ठेवणे कोणालाच परवडत नाही.)

१९७२ मध्ये थोरल्यांनी सूत्रे मुलाकडे, म्हणजे धाकट्या बिल फ्रान्स यांच्याकडे दिली. त्यांनी जवळजवळ तीन दशके कारभार हाकला. प्रकृती साथ देईनाशी झाल्यावर २८ नोव्हेंबर २००० रोजी त्यांनी अध्यक्षपद माईक हेल्टन यांच्याकडे सोपवले. पिता आणि पुत्र यांच्यानंतरचा हा तिसरा अध्यक्ष, आणि आडनाव पहिल्यांदाच वेगळे. मात्र मालकी हलली नव्हती. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्यासाठी फार लांब जावे लागत नाही : गादी घराण्यातच राहिली, कारभारी बाहेरून आला.

त्या कारभाऱ्याला पदावर येऊन तीन महिनेही झाले नव्हते. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५०० ही हंगामातील पहिली आणि सर्वांत मानाची शर्यत होती. सहा वर्षांसाठी सुमारे २.४ अब्ज डॉलरचा नवा दूरचित्रवाणी करार त्याच हंगामापासून लागू झाला होता, त्यामुळे एरवी या खेळाकडे न फिरकणारे प्रेक्षकही त्या दिवशी पडद्यासमोर होते. शेवटच्या फेरीतील शेवटच्या वळणावर, तिसऱ्या क्रमांकावर असलेली डेल अर्नहार्ट यांची गाडी भिंतीवर आदळली. सात वेळा विजेतेपद मिळवलेला हा ४९ वर्षांचा चालक या खेळाचा चेहराच होता. पुढे विजयरेषा ओलांडणाऱ्या दोन्ही गाड्या त्यांच्याच संघाच्या होत्या. पहिल्या गाडीत मायकेल वॉल्ट्रिप आणि दुसऱ्या गाडीत त्यांचा स्वतःचा मुलगा. त्या संध्याकाळी पत्रकारांसमोर येऊन, डेल अर्नहार्ट आपल्यात राहिले नाहीत, हे हेल्टन यांनी सांगितले. आजवर करावी लागलेल्या घोषणांतील ही सर्वांत कठीण घोषणांपैकी एक आहे, अशी सुरुवात करून त्यांनी मोजक्या वाक्यांत बातमी दिली. आजही हेल्टन यांचे नाव निघाले की अमेरिकन प्रेक्षकाला आधी तो क्षण आठवतो.

परंतु त्यांची कारकीर्द जोखायची, तर त्या क्षणापेक्षा त्यापुढचे आठ महिने पाहावेत, असे मला वाटते. आदल्याच वर्षी नॅसकारच्या शर्यतींत आणि सरावात ॲडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर हे तीन चालक मृत्युमुखी पडले होते. अचानक थांबलेल्या गाडीत पट्ट्यांनी धड जागेवर राहते, डोके मात्र पुढे झेपावते आणि कवटीचा तळ फुटतो. यावरचा उपाय उपलब्ध होता. मिशिगन राज्य विद्यापीठातील प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, शर्यतचालक जिम डाउनिंग यांनी ‘हान्स’ नावाची खोगिरासारखी चौकट तयार केली होती. ती खांद्यांवर बसते आणि शिरस्त्राणाला पट्ट्यांनी जोडलेली असते, त्यामुळे डोके धडाबरोबरच थांबते. पण बहुतेक चालकांना तिची अडचण वाटे. अर्नहार्ट यांनीही ती वापरली नव्हती. सक्ती करण्याबाबत नॅसकारनेही चालढकल केली. चालक हे आमचे नोकर नाहीत, ते स्वतंत्र कंत्राटदार आहेत, ही कंपनीची जुनी भूमिका होती, आणि स्वतःच्या जिवाची काळजी ज्याची त्याने घ्यावी, हा तिचा सोयीचा अर्थ होता. ऑगस्टमध्ये अपघाताचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हासुद्धा सक्ती जाहीर झाली नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला शार्लट येथे, दुसऱ्या एका मालिकेच्या शर्यतीत, ब्लेझ अलेक्झांडर हा तरुण चालक गेला आणि त्यानंतर दोनच आठवड्यांत मान-डोके आधार सक्तीचा झाला.

या दिरंगाईचा दोष हेल्टन यांच्याकडेही जातो. तो झाकण्याचे कारण नाही. मात्र एकदा दिशा ठरल्यावर त्यांनी ती सोडली नाही, हेही तितकेच खरे. नेब्रास्का विद्यापीठात डीन सिकिंग यांच्या चमूने विकसित केलेली, धक्का शोषून घेणारी पोलाद आणि फोम यांची भिंत २००२ मध्ये प्रथम इंडियानापोलिसला लागली आणि पुढील काही वर्षांत नॅसकारच्या अंडाकृती धावपट्ट्यांवर पसरली. २००३ मध्ये उत्तर कॅरोलिनातील कॉन्कॉर्ड येथे कंपनीचे स्वतःचे संशोधन केंद्र सुरू झाले. चालकाची बैठक गाडीच्या मध्याकडे सरकवणारी आणि छत उंच करणारी नवी गाडी २००७ मध्ये आली. ती दिसायला बेढब म्हणून चालकांनी तिला मनसोक्त नावे ठेवली. नॅसकारच्या तिन्ही प्रमुख मालिकांत अर्नहार्ट यांच्यानंतर शर्यतीत एकही चालक दगावलेला नाही.

प्रश्न (एक वाचिका, शार्लट, उत्तर कॅरोलिना) : आमच्या गावात आणि आसपास निम्म्याहून अधिक संघांच्या कार्यशाळा आहेत आणि शेजारीपाजारी हाच विषय असतो. मालक घराणेच असेल, तर हेल्टन यांच्या हाती खरा अधिकार किती होता? की ते नुसते सही करणारे अध्यक्ष होते?

उत्तर : नुसते सही करणारे ते खचितच नव्हते. शर्यतीच्या ठिकाणी नॅसकारचा एक मोठा ट्रक उभा असतो, तेच त्या आठवड्याचे कार्यालय. आदल्या फेरीत कोणी कोणाला मुद्दाम धडक दिली, की दोघांनाही त्या ट्रकमध्ये बोलावणे येई. आत धिप्पाड बांध्याचे, भरघोस मिशांचे हेल्टन बसलेले असत, आणि करोडो डॉलर कमावणारे चालक मुख्याध्यापकांच्या खोलीतून बाहेर पडावे तसे बाहेर पडत. शर्यतीआधीच्या चालकांच्या सभेतही त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई.

पण मर्यादा कोठे होती, हे २०१३ च्या सप्टेंबरात रिचमंड येथे दिसले. विजेतेपदासाठीच्या अंतिम टप्प्यात (प्लेऑफमध्ये) जाणारे बारा चालक ठरवणारी ती शर्यत होती. सात फेऱ्या उरल्या असताना मायकेल वॉल्ट्रिप यांच्या संघातील क्लिंट बोयर यांची गाडी गरगरली, सर्वांना वेग कमी करायला लावणारा पिवळा झेंडा लागला आणि उलथापालथीत त्यांचेच सहकारी मार्टिन ट्रूएक्स पात्र ठरले. ही गरगर मुद्दाम घडवली, हे सिद्ध करता आले नाही. परंतु संघाने निकालात हस्तक्षेप केला, असा निष्कर्ष काढून दोनच दिवसांत तीन लाख डॉलरचा दंड आणि प्रत्येक चालकाला पन्नास गुणांची कपात जाहीर झाली. ट्रूएक्स बाहेर गेले, रायन न्यूमन आत आले. ही शिक्षा जाहीर करायला समोर होते हेल्टन. त्याच आठवड्याच्या शुक्रवारी मात्र कंपनीचे प्रमुख ब्रायन फ्रान्स यांनी जेफ गॉर्डन यांना तेरावा स्पर्धक म्हणून सामील करून घेतले. बारा जणांचीच व्यवस्था असलेल्या नियमात तेरावा माणूस बसवणे हे मालकच करू शकतो. नियम चालवण्याचा अधिकार कारभाऱ्याचा, आणि नियम वाकवण्याचा अधिकार गादीचा, असा तो हिशेब होता.

ब्रायन हे धाकट्या बिल यांचे चिरंजीव. २००३ मध्ये ते प्रमुख झाले, तेव्हा हेल्टन यांच्याहून ते वयाने नऊ वर्षांनी लहान होते. प्लेऑफची पद्धत, प्रायोजक आणि करार ही क्षेत्रे त्यांनी स्वतःकडे ठेवली आणि धावपट्टीवरचा दैनंदिन कारभार हेल्टन यांच्याकडे राहिला. २०१५ मध्ये हेल्टन उपाध्यक्ष (व्हाइस चेअरमन) म्हणून संचालक मंडळावर गेले आणि दैनंदिन जबाबदारीतून मोकळे झाले.

प्रश्न (वाणिज्य शाखेचा एक विद्यार्थी, सांगली) : हेल्टन यांचे शिक्षण लेखाशास्त्राचे होते, असे वाचले. हिशेबनीस माणूस शर्यतींच्या कारभारात कसा शिरला? आजही असा मार्ग खुला आहे का?

उत्तर : ते ब्रिस्टल येथील किंग कॉलेजात लेखाशास्त्र शिकले हे बरोबर आहे, पण आत शिरले ते रेडिओच्या दारातून. टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या सीमेवर वसलेल्या या गावात, जेथे त्यांचा १९५३ मध्ये जन्म झाला, अर्ध्या मैलाची, वळणांवर तीव्र उतार असलेली धावपट्टी आहे आणि स्थानिक रेडिओ केंद्रावर क्रीडावार्ता सांगणाऱ्याला तिच्याशी संबंध टाळणे शक्यच नसते. तेथून ते अटलांटाच्या धावपट्टीवर जनसंपर्काच्या कामाला लागले, पुढे तेथेच व्यवस्थापक झाले आणि नंतर फ्रान्स घराण्याच्या टॅलाडेगा धावपट्टीचा कारभार त्यांच्याकडे आला. तिकीटविक्री, वाहनतळ, पाऊस पडला तर शर्यत उद्यावर ढकलण्याचा खर्च, स्वच्छतागृहांची संख्या हे सारे त्यांनी मैदानावर उभे राहून शिकून घेतले. १९९४ मध्ये ते नॅसकारमध्ये स्पर्धा विभागाचे उपाध्यक्ष म्हणून आले आणि १९९९ मध्ये मुख्य कार्यचालन अधिकारी झाले.

मार्ग बदलला आहे, असे मात्र म्हणावे लागेल. २०१८ मध्ये अध्यक्ष झालेले स्टीव्ह फेल्प्स हे विपणनाच्या क्षेत्रातून आले आणि त्याआधी ते अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये होते. प्रायोजक आणि प्रक्षेपण हक्क यांतून मिळणारा पैसा तिकिटांपेक्षा मोठा झाला, तसा अध्यक्ष निवडण्याचा निकषही बदलला. तरीही तुम्हाला या व्यवसायात यायचे असेल, तर एखाद्या शर्यतीच्या आयोजकाकडे एक हंगाम उमेदवारी करावी. शर्यतीच्या आदल्या रात्री पाऊस आला की आयोजकाच्या जमाखर्चाचे काय होते, ते तेथे जितके स्पष्ट कळते तितके ताळेबंदात कळत नाही.