मूल सांभाळण्याचा तासाचा दर

प्रश्न : आम्हाला पाच वर्षांचा मुलगा आणि चौदा महिन्यांची मुलगी आहे. महिन्यातून दोन-तीनदा संध्याकाळी सात ते अकरा आम्हा दोघांनाही बाहेर जावे लागते. त्या वेळी आमच्याच सोसायटीत राहणारी, महाविद्यालयात शिकणारी एकोणीस वर्षांची मुलगी मुलांजवळ थांबते. तिची आई म्हणते, “घरचीच मुले आहेत, पैसे कसले?” माझे पती म्हणतात, दिवसभराच्या ताईंना आपण महिना १८,००० रुपये देतो, त्याच हिशेबाने हिला तासाचे द्यावेत. योग्य दर कोणता?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या पतींचा हिशेब आधी मांडून पाहू. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे आठ तास धरले, तर २०८ तास होतात आणि ताशी सुमारे ८७ रुपये पडतात. गणित बरोबर आहे, पण ते या मुलीला लागू पडत नाही. ताईंना महिन्याच्या पगाराची शाश्वती असते. आपण आठवडाभर गावी गेलात तरी त्यांचा पगार सहसा कापला जात नाही, आणि दिवाळीला बोनस असतो तो वेगळाच. या मुलीला एका शनिवारी चार तासांचे काम मिळते आणि पुढचे पंधरा दिवस काहीच नाही. शिवाय तिची अख्खी संध्याकाळ अडकते, कारण सात वाजता यायचे म्हटल्यावर तिला दुसरा कोणताही बेत करता येत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये जादा तासांसाठी दुप्पट मजुरी ठरवली होती. तो कायदा आपल्या घराला लागू नव्हता, परंतु गैरसोयीच्या वेळेचे मोल नेहमीच्या वेळेपेक्षा अधिक असते, हे तत्त्व येथेही खरे आहे.

म्हणून ताईंच्या दराची दीडपट ते दुप्पट, म्हणजे ताशी १३० ते १७५ रुपये, ही मर्यादा मला रास्त वाटते. मूल एकच आणि जरा मोठे असते, तर मी खालचा आकडा सुचवला असता. आपली मुले दोन आहेत आणि त्यांतील एक तान्हेपणातून नुकतेच बाहेर आले आहे, म्हणून १७५ द्यावेत आणि चार तासांचे ७०० रुपये करावेत. उपाहारगृहाच्या बिलावरील जीएसटी आपण सारे मुकाट्याने भरतो आणि घासाघीस मात्र मुलांजवळ बसणाऱ्या मुलीशी करतो, हे मला कधीच उमगलेले नाही.

“मुले नऊला झोपतात, मग ती आपला अभ्यासच करत बसते,” असे म्हणून पुढच्या तासांचे पैसे कमी करण्याचा मोह होतो, तो टाळावा. साडेनऊला धाकटी रडत उठते, बाटली नको म्हणते, तिला खांद्यावर घेऊन दिवाणखान्यात येरझारा घालाव्या लागतात आणि त्या आवाजाने थोरलाही डोळे चोळत बाहेर येतो. हे रोज घडत नसले, तरी ते घडेल तेव्हा कोणीतरी जबाबदार माणूस घरात असावे, याचेच हे पैसे आहेत. मुलांना भरवणे या कामात येते. ओट्यावरची भांडी घासणे येत नाही.

बाकीचे तपशील पहिल्याच दिवशी बोलून घ्यावेत. दोनच तासांसाठी बोलावले तरी किमान तीन तासांचे पैसे द्यावेत. परतायला उशीर झाला तर अर्धा तास पूर्ण धरावा. त्याच दिवशी बेत रद्द केला तर दोन तासांचे द्यावेत.

आता आईच्या नकाराविषयी. मुलगी सज्ञान आहे, तेव्हा विचारायचे ते तिला, आणि तेही ती येण्यापूर्वी. दाराशी पाकीट पुढे करायचे, तिने “राहू द्या हो काकू” म्हणत हात मागे घ्यायचा, यात दोघींचीही पंचाईत होते. घरी परतल्यावर रक्कम यूपीआयने थेट तिच्या खात्यावर पाठवली, की हा प्रसंगच येत नाही. दिवाळीचा ड्रेस जरूर द्यावा, मात्र तो पैशांच्या बदल्यात नव्हे. सरकारी दर शोधत बसू नये : महाराष्ट्र घरकामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ हा घरकामगारांची नोंदणी आणि कल्याणकारी योजना यांसाठी आहे, तासाचा भाव त्यात सापडणार नाही.

प्रश्न : शेजारची तेरा वर्षांची मुलगी आमच्या बाळाला छान सांभाळते. तिला तासाचे थोडे पैसे देऊन आम्ही बाहेर जाऊ शकतो का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर मोजके अपवाद सोडता चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही कामावर ठेवता येत नाही, आणि पैशांऐवजी खाऊ दिल्याने ते काम नाहीसे होत नाही. आपण घरात असताना ती बाळाशी खेळायला आली, तर तो खेळच आहे. आपण दोघे बाहेर पडणार असाल, तेव्हा मात्र बाळाजवळ मोठे माणूस हवे.