पंधराशे रुपयात महिना काढायच्या आधी

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला, व्हॉइस नोट पण ऐकली. पंचायत समितीला उभं राहायचं ठरवलंयस हे ऐकून मनापासून बरं वाटलं. आणि त्याआधी एक महिना फक्त 1500 रुपयात, म्हणजे निराधारांना मिळणाऱ्या महिन्याच्या सरकारी अनुदानावर, जगून दाखवायचं, रोज त्याची रील टाकायची, म्हणजे निराधारांचं जगणं कसं असतं ते तुलाही कळेल आणि लोकांनाही कळेल, अशी तुझी आयडिया आहे. तुझ्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण सल्ला विचारलायस म्हणून स्पष्ट सांगते, ते नको करूस.

माझी नोकरीतली बरीच वर्षं तहसीलच्या संगांयो शाखेत गेली हे तुला माहीतच आहे, म्हणजे संजय गांधी निराधार, श्रावणबाळ, विधवा, दिव्यांग सगळे अर्ज त्या टेबलवरून जायचे. त्या काळात सगळ्या पक्षांची माणसं समोर येऊन बसली, आमदारांचे पीए, समितीचे अध्यक्ष, सरपंच, आणि त्यातली कित्येक माणसं स्वभावाने खरंच चांगली होती. तरीपण एका गोष्टीत जवळजवळ सगळ्यांचं सारखंच व्हायचं, त्यांना फक्त रक्कम दिसायची. 600 चे 1000 केले, 1000 चे 1500 केले, आता अजून किती करायचे, बास. तुझी आयडिया पण तशीच आहे बघ, तू रक्कम जगून बघणार आहेस.

रकमेवरून नेत्यांची फजिती होणं हे काही नवीन नाही. 2011 ला नियोजन आयोगाने सुप्रीम कोर्टात सांगितलं की शहरात रोज 32 रुपये आणि खेड्यात 26 रुपये खर्च करणारा माणूस गरिबीरेषेच्या वर, केवढा गदारोळ झाला होता तेव्हा. 2013 ला काँग्रेस नेते राज बब्बर म्हणाले मुंबईत 12 रुपयात पोटभर जेवण मिळतं, नंतर दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्याच वर्षी तिकडे इंग्लंडमध्ये सरकारी भत्त्यांचं खातं सांभाळणारे मंत्री, इयन डंकन स्मिथ, म्हणाले वेळ आली तर मी पण आठवड्याला 53 पौंडात राहीन, तर लोकांनी मग राहूनच दाखवा म्हणून अर्ज काढला आणि त्यावर चार लाखांच्या वर सह्या झाल्या. आणि तू जे करायचं म्हणतोयस ते तर मॅथ्यू पॅरिस नावाच्या खासदाराने 1984 लाच टीव्हीवर करून दाखवलंय, न्यूकॅसलला जाऊन आठवडाभर 26 पौंड 80 पेन्समध्ये राहिला, आठवडा संपायच्या आत विजेच्या मीटरमध्ये टाकायला पैसे उरले नाहीत. प्रामाणिकपणे केलं बिचाऱ्याने. पण सोमवारी हे संपणार आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना. तुलाही तीस तारीख माहीत असेल, आणि एक तारखेला तुझ्या हातात रोख 1500 असतील. निराधार बाईला या दोन्ही गोष्टी कधीच माहीत नसतात.

इथेच खरी गोम आहे. ती बाई रकमेपेक्षा तारखेवर जगते. पगार कधी पडणार (अनुदानाला आपल्याकडे सगळे पगारच म्हणतात, तुला माहितीये), या महिन्यात पडणार का पुढच्या महिन्यात दोन्ही मिळून पडणार, हे कळत नाही म्हणून तिचं सगळं अडतं. किराणावाला उधारी देतो ती पगार पडणार या भरवशावर, आणि दोन महिने नाही पडला की तो तेलाची पिशवी परत फडताळात ठेवतो. तीन महिन्यांचे पैसे एकदम आले तर नेत्याच्या हिशेबाने 4500 पोचले, झालं काम. पण तोवर बीपीची गोळी दोन महिने बंद राहिलेली असते, शेजारणीकडून हातउसने घेतलेले असतात, बचत गटाचा हप्ता चुकून दंड बसलेला असतो. रक्कम पूर्ण पोचते आणि तरी तिचं नुकसान झालेलं असतं, आणि ते कुठल्याच रजिस्टरला येत नाही. 2024 च्या डिसेंबरपासून पैसे डीबीटीने थेट आधार जोडलेल्या खात्यात जायला लागले, ते चांगलंच झालं, मधले काही हात कमी झाले. पण ज्यांचं आधार लिंक नव्हतं किंवा भलत्याच जुन्या खात्याला लिंक होतं त्यांचे पैसे अडकले, आणि कुठल्या खात्यात गेले हे शोधायला सत्तर वर्षांची म्हातारी या बँकेतून त्या बँकेत.

आता उत्पन्नाची अट सांगते, ती नीट वाच, कारण भाषणात याबद्दल कुणी बोलत नाही. निराधारसाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत लागतं, कित्येक वर्षं हाच आकडा आहे. 21,000 म्हणजे महिन्याला 1750, एकट्या बाईचे नाहीत, अख्ख्या घराचे. 2025 च्या एप्रिलपासून रोजगार हमीचा रोज 312 रुपये झाला, आणि तेव्हा कायद्याने 100 दिवसांची हमी होती, म्हणजे विधवा बाई सरकारनेच हमी दिलेले सगळे दिवस राबली असती तर तिचे 31,200 झाले असते आणि ती सरकारच्याच हिशेबाने निराधार राहिली नसती. मग होतं काय, प्रत्येकीला 21 हजाराच्या आतला दाखला काढावा लागतो. सगळ्या गावाला माहीत असतं की एवढ्यात कुणाचंच घर चालत नाही, तलाठ्याला माहीत, सेतूवाल्याला माहीत, मला टेबलवर बसून माहीत. तरी तो कागद लागतोच. आणि एकदा तो कागद काढला की ती बाई जन्मभर दबून राहते, कारण उद्या कुणीही उठून म्हणू शकतो, तुझा दाखला खोटा आहे, बंद करू का पगार? गावातल्या पुढाऱ्याची खरी ताकद इथे असते. तुला हे निवडणुकीत दिसेल, आणि वापरायचा मोह पण होईल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आणि हे लाडक्या बहिणीशी ताडून बघ. तिथेही 1500, पण उत्पन्नाची अट अडीच लाख. दोन्ही योजना एकाच सरकारच्या. लाडक्या बहिणीला पैसे देऊ नयेत असं मी मुळीच म्हणत नाही, आपल्या गल्लीतल्या कितीतरी पोरींच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे पैसे आले, मी डोळ्यांनी बघितलंय. पण 2024 च्या निवडणुकीत एकीकडून 2100 आणि दुसरीकडून 3000 चा शब्द दिला जात होता तेव्हा निराधारच्या 21,000 च्या अटीवर कुणाच्या सभेत एक वाक्य ऐकलंस का तू? दिव्यांगांचे 2025 च्या ऑक्टोबरपासून 2500 केले, चांगलं केलं. केंद्राचा म्हातारपणाच्या पेन्शनमधला वाटा मात्र 79 वर्षांपर्यंतच्या माणसाला 200 रुपये, गेली पंधरा-वीस वर्षं तिथेच. आणि माजी आमदाराचं पेन्शन महिन्याला 50,000 पासून पुढे, त्याला उत्पन्नाची अट नाही, दरवर्षी तहसीलदाराचा दाखला नाही. मला याचा राग येतो, आणि तुलाही यावा असं वाटतं.

नियम करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर घर कसलं असतं तेही बघ. 2025 च्या सप्टेंबरात लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली, त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार नंबर, आणि ओटीपी त्यांच्या मोबाईलवर. नवरा वारलेला, वडील वारलेले, किंवा नवऱ्याने टाकून दिलेलं, त्या बाईने ओटीपी आणायचा कुठून? नंतर मुदत वाढवून त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. मुद्दाम कुणी केलं असं मी म्हणत नाही, पण फॉर्म बनवणाऱ्या एवढ्या माणसांत एकालाही अशी बाई आठवली नाही याचं मला फार वाईट वाटलं.

मुलाच्या वयाचा नियम पण असाच. मुलगा 25 वर्षांचा झाला किंवा नोकरीला लागला की विधवेचं अनुदान बंद, फक्त मुली असतील तर चालू राहतं. आमच्याकडे एक बाई आली होती, हातात पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं पासबुक, रेशनकार्ड, आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला घडीवर फाटलेला, त्याला मागून चिकटपट्टी लावलेली. मुलगा पंचविशीचा झाला म्हणून पगार थांबला होता. मुलगा आणि सून मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला गेलेली, दिवाळीनंतर गेले की गुढीपाडव्यापर्यंत इकडे येत नाहीत, आणि उलट नातवंडं हिच्याकडे ठेवून गेलेली. मी तिला नियम सांगितला, तिने शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "तो कमावतो हे लिहून घेतलंत, मला देतो हे कुणाला विचारलंत?" माझ्याकडे त्या प्रश्नाचा रकाना नव्हता. तो प्रश्न मी वर लेखी कळवला, आणि अजूनही जो पुढारी भेटतो त्याला विचारते, आता तुला विचारतेय. निवडून आलास तर ठराव करून वर पाठव, पंचायत समितीच्या हातात नियम बदलायचं नाही हे खरं, पण ठराव गेले तरच कुणाच्या तरी टेबलवर ते पडतं.

तर मग काय करायचं ते सांगते. रील सोड, त्याऐवजी चार-पाच पगाराच्या दिवशी गावातल्या बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रावर जाऊन नुसता बस, बॅनर नको, मोबाईल खिशात. पगार पडल्याची बातमी आली की पहाटेपासून पायरीवर म्हाताऱ्या बसलेल्या असतात. खुरपून, भांडी घासून अंगठ्याच्या रेषा गेलेल्या, मशीन अंगठा घेत नाही, मग धुवून बघतात, पदराला पुसून बघतात, केंद्रवाला थोडं तेल लावून बघतो, मग दुसरं बोट, मग सर्व्हर गेला, मग उद्या या. उद्या या म्हणजे वस्तीवरून परत रिक्षाचे पैसे. आणि काही ठिकाणी 1500 काढून द्यायचे म्हणून 20-50 रुपये कापून घेतात, पावती नाही काही नाही, आणि म्हातारी वर त्याला आशीर्वाद देऊन जाते कारण तो नसेल तर 15 किलोमीटरवरची बँक. तिथे बसलास की तुला कळेल कुणाचा पगार थांबलाय आणि कशाने थांबलाय, हयातीचा दाखला राहिला, आधारवर वय चुकलं, खातं बंद पडलं. प्रत्येक भानगडीचं कारण वेगळं असतं आणि बहुतेक कारणं एका हेलपाट्यात सुटणारी असतात, तो हेलपाटा मारायला तिच्याकडे माणूस नसतो एवढंच.

दुसरं, उद्या पक्षाने तुला तालुक्याच्या निराधार समितीवर घेतो म्हटलं तर हो म्हण, छोटं पद समजून सोडू नकोस. समितीची बैठक लागली नाही की मंजुरीचे अर्ज तसेच पडून राहतात, मी सहा-सहा महिने पडलेले बघितलेत, आणि त्यात माणसं मंजुरीआधी गेलेली पण बघितलीत. दर महिन्याला बैठक लावायचा आग्रह धर. आणि कुणाचं काम झालं तर "मी तुझा पगार चालू केला" हे वाक्य तोंडातून काढू नकोस, फोटो काढून मंजुरीपत्र वाटू नकोस. तो तिचा हक्क आहे, तू दिलेला नाहीस, आणि ती उपकाराखाली आली की उद्या तुझ्याच माणसाने पैसे मागितले तरी तुझ्याकडे तक्रार करायला येणार नाही.

आणि भाषणात ते फुकटे, रेवडी, ऐतखाऊ असले शब्द टाळ्या घेतात, मला माहितीये, शेतावर मजूर मिळत नाही याचं खापर पण त्यावरच फोडतात. रेशनचं 5 किलो माणशी धान्य आणि महिन्याचे 1500, रोजचे 50 रुपये, त्यातच गॅसचा सिलिंडर. कामाला जाणं यात कुणाला सोडता येईल ते तूच हिशेब करून बघ. टाळ्या नाही मिळाल्या तर नाही मिळाल्या, तू ते शब्द वापरू नकोस, तुझ्या स्टेजवर दुसऱ्याने वापरले तर त्यालाही थांबव.

हयातीचे दाखले भरायचे दिवस आले की मला फोन कर, वस्तीवरच्या ज्यांना येता येत नाही त्यांची यादी आपण दोघं बसून करू, तोडीला गेलेल्यांचे आईबाप आधी घेऊ. आणि केंद्रावर जाशील तेव्हा नऊच्या आत जा, अकरानंतर सर्व्हर चालत नाही. कुणाचाही अर्ज हातात घेतलास तर झेरॉक्सवर पोचचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नकोस.

तुझी,
काकू