वाचकांचे प्रश्न : प्रकृती ‘उत्कृष्ट’, पण रक्तदाब १५८/९६

प्रश्न : माझे वय ५४ आहे आणि मला कसलाही त्रास नाही. आरोग्य तपासणीच्या अर्जात ‘आपली प्रकृती सर्वसाधारणपणे कशी आहे?’ असा प्रश्न होता, त्यापुढे मी ‘उत्कृष्ट’वर खूण केली. त्याच दिवशी माझा रक्तदाब १५८/९६ निघाला, आठवड्याने पुन्हा मोजला तेव्हा १५४/९४. माझ्या पत्नीने (वय ५१) याच प्रश्नाला ‘बेताची’ असे उत्तर दिले; तिचे सारे अहवाल मात्र ठीक आले. मग या प्रश्नाला काही शास्त्रीय आधार आहे का, आणि आमच्यापैकी काळजी कोणाची करायची?

उत्तर : काळजी दोघांचीही करायची, पण कारणे निराळी आहेत.

अर्जातली ती ओळ जागा भरण्यासाठी छापलेली असते, असे मीही बरीच वर्षे धरून चाललो होतो. तसे नाही. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतातल्या ६५ वर्षांवरील तीन हजारांहून अधिक व्यक्तींचा अभ्यास जाना मॉसी आणि एव्हलिन शापिरो यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. आपली प्रकृती वाईट आहे असे सांगणाऱ्यांमध्ये पुढील काही वर्षांत मृत्यूचा धोका, ती उत्कृष्ट आहे असे सांगणाऱ्यांच्या तुलनेत, जवळजवळ तिप्पट आढळला. त्यानंतर अनेक देशांत हेच तपासले गेले आणि हृदयविकार व पक्षाघात यांच्या बाबतीतही कल तोच दिसला. वय, धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह यांचा हिशेब वेगळा काढला की हा फरक कमी होतो, परंतु बहुतेक अभ्यासांत तो पुरता नाहीसा होत नाही.

याचे कारण असे की उत्तर देणारा माणूस नकळत बऱ्याच गोष्टींची बेरीज करीत असतो. गेल्या वर्षी एका दमात चढता येणारा जिना आता मधल्या वळणावर थांबायला लावतो, झोपून उठल्यावरही अंग जड वाटते, वडिलांना साठीच्या आत झटका आला होता, औषधांच्या डब्यात एक गोळी वाढली आहे: यातले निम्मेअधिक कोणत्याही रक्तचाचणीत उतरत नाही. शिवाय रक्तवाहिन्यांच्या भिंतींत मेद साचण्यामागे जो मंद दाह असतो, तशा दाहाने थकवा आणि निरुत्साहही येऊ शकतो. मनाची खिन्नता तर दोन्हीकडे हात घालते. ती प्रकृतीविषयीचे मत खाली आणते आणि हृदयविकाराचा धोकाही वाढवते.

आता तुमच्याविषयी. ही बेरीज फक्त जाणवणाऱ्या गोष्टींची असते आणि वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांना तो असल्याचे ठाऊक नसते, आणि वाढलेल्या कोलेस्टेरॉलचेही तसेच आहे. म्हणून ‘वाईट’ या उत्तराला जेवढे वजन द्यावे, तेवढे ‘उत्कृष्ट’ला देता येत नाही. तुमची खूण खोटी नव्हती. ज्याची चाहूल लागत नाही त्याविषयी ती काही सांगू शकत नव्हती, एवढेच. दोन वेगळ्या दिवशी १४०/९०च्या वर गेलेला आकडा मनावर घ्यावा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसल्यावर, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा रक्तदाब मोजा, आकडे लिहून ठेवा आणि ती नोंद डॉक्टरांना दाखवा. गोळी सुरू झाली तर ‘मला काहीच होत नाही’ म्हणून ती परस्पर सोडू नका.

तुमच्या पत्नीच्या बाबतीत ‘अहवाल ठीक आहेत’ म्हणून विषय मिटवणे मला पटत नाही. नेहमीच्या तपासणीत मोजक्याच चाचण्या असतात आणि विश्रांतीत काढलेला ईसीजी, हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतानाही, साधारण दिसू शकतो. म्हणजे त्यांना हृदयविकार आहे असे मात्र मुळीच नाही. रक्तक्षय, थायरॉईडचा बिघाड, अपुरी झोप, रजोनिवृत्तीच्या काळातील बदल किंवा खिन्नता यांनीही असे उत्तर येऊ शकते, आणि त्या प्रत्येकावर उपाय आहे. ‘बेताची म्हणजे नेमके काय?’ हे त्यांना कोणी विचारले का? हे उत्तर गेल्या वर्षीही असेच होते की अलीकडे बदलले, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. माझ्या मते त्या एका शब्दापेक्षा हा बदल अधिक बोलका असतो. चालताना छातीवर दाब येणे, नेहमीच्या कामाने धाप लागणे किंवा जबड्यात, दंडात कळ येऊन विश्रांतीने थांबणे असे काही असेल, तर पुढच्या वार्षिक तपासणीची वाट न पाहता लगेच दाखवा. हीच कळ बसल्या जागी आली आणि थांबेना, तर थेट रुग्णालय गाठा.

एक खुलासा राहिला. हृदयविकाराच्या धोक्याचे गणित मांडण्यासाठी डॉक्टर जे तक्ते वापरतात, त्यांत वय, धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल असे घटक असतात; स्वतःच्या प्रकृतीविषयीचे मत सहसा नसते. उत्तर देणाऱ्याच्या अपेक्षेप्रमाणे हे मत बदलते: ऐंशीच्या घरातला माणूस गुडघे धरूनही ‘उत्तम’ म्हणेल आणि तिशीतला खेळाडू किरकोळ दुखापतीनंतर ‘बेताची’ म्हणेल. त्यामुळे तुमचे औषध ठरेल ते रक्तदाबाच्या नोंदीवरून आणि इतर चाचण्यांवरून. पत्नीची तपासणी मात्र त्यांच्या त्या एका शब्दापासूनच सुरू व्हायला हवी.