एजंटला पैसे देण्याआधी वरचं कंत्राट कोणाचं ते विचारा

ताई, तुमच्या भावाला कुवेतमधल्या अमेरिकी लष्करी तळावर मेसमध्ये काम मिळतंय, एजंट दीड लाख मागतोय आणि त्यासाठी आई दागिने गहाण ठेवायला निघाली आहे, असं तुम्ही लिहिलंय. आधी दागिने कपाटात परत ठेवायला सांगा.

तळावरचा स्वयंपाक, धुलाई, साफसफाई अमेरिकी सरकार कंत्राटानं देतं. कंपनी पोटकंत्राटदाराला देते, तो मुंबईच्या एजंटला माणसं आणायला सांगतो, आणि त्या एजंटचा माणूस गुहागरात तुमच्या पडवीत येऊन बसतो. पण त्या सरकारी कंत्राटात मानवी तस्करीविरुद्ध 52.222-50 क्रमांकाचं कलम असतं. ते खालच्या सगळ्या पोटकंत्राटदारांना आणि एजंटांनाही लागू आहे. भरतीसाठी कामगाराकडून एक पैसाही घ्यायचा नाही, पासपोर्ट अडकवून ठेवायचा नाही, पगाराबद्दल खोटं सांगायचं नाही, काम संपल्यावर परतीचं भाडं मालकानं द्यायचं. 2015 पासून हे नियम आणखी कडक झालेत. आपल्या कायद्यानं नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये अधिक जीएसटी घेता येतो. या कामांसाठी तेवढेही नाहीत.

मी गेलो तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. विमानतळावरून कॅम्पकडे जाणाऱ्या बसमध्येच आमचे पासपोर्ट गोळा केले, रबर लावून सुपरवायझरच्या खणात ठेवले. करार उतरल्यावर दाखवला, पगार सांगितल्याच्या निम्मा. खणाला कुलूप नव्हतं, तरी कोणी हात घातला नाही. घरी व्याज चढत होतं, परत येऊन फेडणार कशातनं? तस्करी म्हणतात ती हीच, ताई.

ऑगस्ट 2004 मध्ये इराकात मारले गेलेले 12 नेपाळी तरुणही असेच निघाले होते. त्यांना जॉर्डनमधल्या हॉटेलात काम सांगितलं होतं, नेलं इराकमधल्या अमेरिकी तळाकडे.

एजंटला व्हॉट्सॲपवर लेखी विचारा: मूळ कंत्राट कोणत्या कंपनीचं, आणि दीड लाख कशाचे? फोनवर बोलू नका, लेखीच हवं. त्याचा लायसन्स नंबर ई-मायग्रेट या आपल्या सरकारच्या वेबसाइटवर तपासा. गावोगाव फिरणाऱ्या सब-एजंटला कायद्यात जागाच नाही. भाऊ दहावी पास नसेल तर त्याला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे कामासाठी परदेशी जायची सरकारी परवानगी, लागेल, आणि 'व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ' असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. टोकन दिलं असेल तर पावती, यूपीआयचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. तक्रारीसाठी त्या कलमातच 1-844-888-3733 हा हॉटलाइन नंबर दिलेला आहे, तो भावाला पाठ करायला लावा.

एजंटचं उत्तर आलं की नावं झाकून इथे टाका, मी वाचून सांगतो.